रान अजून तापलंय

खूप दिवसांनी लिहितोय. निमित्त अण्णांचा, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचा परवाचा फोन. "काय रे, यंदा गहू कधी पेरायचा म्हणतोस?" एवढं विचारलं आणि हसले. मी गप्प. का, ते सांगतो.

आमचं गाव कर्जत. (रेल्वे स्टेशनवर वडे मिळतात ते नव्हे हो, नगरचं! जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) पाऊस बेभरवशाचा, रब्बीची ज्वारी हा खरा आधार, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याने एखादा तुकडा गहू करायचा. तीनेक वर्षांपूर्वी परतीच्या पावसाने विहीर तुडुंब भरली. मी पुण्यात बसून हिशेब मांडला. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, मग गहू महिनाभर आधीच का पेरू नये? अण्णा म्हणाले, "रान अजून तापलंय. थंडी पडू दे." मी ऐकलं नाही. शिकलेला पुतण्या, त्यात बियाणाचे पैसे मी पाठवलेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी झाली.

उगवण विरळ झाली. जे उगवलं त्याला फुटवे कमी, आणि थंडी अंगावर घेण्याआधीच ते ओंब्यांवर आलं. दाणा बारीक, उतारा निम्मा. पोती बघून काकू म्हणाल्या, "यंदा गहू इकतच घ्यावा लागंल." अण्णा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मी मातीत खुपसायचा थर्मामीटर घेतला. पुढच्या ऑक्टोबरात बी पडतं त्या खोलीवर, दोन इंचांवर, भर दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे! गव्हाला उगवायला साधारण 20 ते 25 अंश मानवतात. राहुरीचं कृषी विद्यापीठ बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सांगतं, ते उगाच नाही. तिकडे अमेरिकेत मक्यासाठी माती 10 अंशांपर्यंत तापायची वाट बघतात, आपण निवायची बघतो. गंमतच आहे. आणि आपला हंगाम दोन्हीकडून आवळलेला. मागे ऑक्टोबरची तापलेली माती, पुढे दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचं ऊन.

काळी माती ऊन पिते, म्हणून तापतेही जास्त. पुण्याला हवामान खात्यात डॉ. एल. ए. रामदास होते. त्यांनी 1930 च्या दशकात काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला, तर खालची माती चांगलीच थंड राहिली. आमच्याकडे मे महिन्यात कांद्याच्या रोपवाटिकेवर पाचट टाकतात, कोथिंबिरीच्या वाफ्यावर जुनी साडी बांधतात, तेही तेच. हे करणाऱ्या बाईला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही, हा भाग वेगळा.

आता माझं मत. अण्णांचा तळहात खरा होता, पण गावात सगळेच हात लावून बघत नाहीत. बरेच जण "दिवाळी झाली की गहू" असं धरून चालतात. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक! अधिक महिना पंचांगात येतो, मातीत येत नाही. (नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळे ती त्यामानाने पक्की.) कृषी वेधशाळांमध्ये मातीचं तापमान वेगवेगळ्या खोलीवर रोज मोजलं जातं. मग माझ्या मोबाइलवर पावसाचा आणि हवेचा अंदाज येतो तसा हा एक आकडा का येऊ नये? पाऊस चुकला तर निदान बोंब होते. तापलेल्या मातीत गेलेल्या बियाला कुणी दाद देत नाही, "बियाणंच बोगस" म्हणून दुकानदाराशी भांडण होतं आणि विषय संपतो. कधी बियाणं खरंच बोगस असतंही, पण निदान कळायला तरी हवं ना.

असो. थर्मामीटर आता गोठ्यात खिळ्याला टांगलेला असतो. सकाळी सातला आणि दुपारी दोनला बघायचं, असं मी अण्णांना सांगून ठेवलंय. परवा फोनवर मी शेवटी एवढंच म्हणालो, "तुम्हीच सांगा." तर म्हणाले, "सकाळी बघितलं. तुझी काच आणि माझा हात, दोघंबी थांब म्हणत्यात."