निष्कर्ष आधी, प्रयोग मागाहून

विज्ञान शिकविणाऱ्या आम्हा मास्तरांवर आरोप काही थोडे होत नाहीत. आम्ही घोकंपट्टी करवितो, शिकवण्या घेतो, प्रयोगशाळेचे कुलूप उघडीत नाही. हे सारे मला मान्य आहे. पण जो आरोप खरोखर व्हायला हवा, तो कोणी केलेला मी ऐकला नाही. म्हणून तो मीच करतो. आम्ही मुलांना खोटे लिहायला शिकवितो, आणि तेही सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, भाषेचा मास्तर झालो, आणि शाळेत विज्ञानाला कोणी नव्हते म्हणून नववीचे जीवशास्त्र माझ्या गळ्यात पडले. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या मी फळ्यावर लिहिल्या, मुलांनी वहीत उतरविल्या आणि पाढ्यांसारख्या पाठ केल्या. मला वाटले, आपण विज्ञान शिकविले.

त्या वर्षी प्रकाशाचा प्रयोग होता. एका मुलीने दोन करवंट्यांत हरभरे लावले. माती तीच, पाणी तेवढेच. एक करवंटी खिडकीत ठेवली, दुसरी नकाशांच्या कपाटात. आठ दिवसांनी जर्नल माझ्यापुढे आले. तिने लिहिले होते की कपाटातली रोपे खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच आहेत, पण पिवळी आहेत व वाकली आहेत, आणि असे का झाले ते कळत नाही.

मी लाल पेन्सिल उचलली. ‘प्रकाश नसल्यास वाढ खुंटते’ हे उत्तर मला आधीपासून ठाऊक होते.

“पण सर, मी पट्टीनं मोजलंय,” ती म्हणाली.

“परीक्षक काय तुझी पट्टी बघायला येणार आहेत?” मी म्हणालो.

तिने ते पान फाडले आणि मी सांगितले तसे नवे लिहिले. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

ती बरोबर होती, हे मला दोन वर्षांनी एका पुस्तकात वाचून कळले. अंधारातला कोंब बियातली शिदोरी सारी उंचीवर उधळतो. उजेडाच्या शोधात लांबच लांब वाढतो, हिरवा होत नाही, आणि शिदोरी संपली की मान टाकतो. तुलनेसाठी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे सारखे ठेवायचे, ही शास्त्रज्ञाची पहिली शिस्त त्या पोरीने पाळली होती. अपेक्षेविरुद्ध दिसले तेही लिहिले होते. ‘कळत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य तर पुष्कळ विद्वानांनाही होत नाही. पाचही पायऱ्या ती आपल्या पायांनी चढली होती. शेवटच्या पायरीवरून मी तिला ढकलले.

करवंटीभर हरभऱ्यांचा एवढा बाऊ कशाला, असे आमचे सहकारी विचारतात. त्यांना मी गिधाडांची हकीकत सांगतो.

अन्नसाखळीचे चित्र आपण सर्वांनी काढले आहे: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. तेथे बाण थांबतो. पण गोठ्यात म्हातारा होऊन मेलेला बैल त्या चित्रात कोठे बसतो? गावाबाहेर ढोर टाकले की आभाळात ठिपके दिसू लागत आणि तासाभरात हाडांचा सापळा उरे, हे माझ्या लहानपणी मी पाहिले आहे. ‘गिधाड’ ही शिवी म्हणून वापरणाऱ्या आपल्या भाषेला, कबूल करतो, या पक्ष्याचे ऋण कधी कळले नाही. जटायूला मात्र आपण नमस्कार करतो.

1980च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. 1990च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली, तर ती निम्म्याहून कमी भरली. पक्षी फांद्यांवर माना टाकून बसलेले आणि खाली मरून पडलेले. पुढे देशभर पाहणी झाली, तेव्हा 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांतून एखादे उरल्याचे दिसले. हे सारे कळले ते कोणी तरी पूर्वी मोजून खरे आकडे लिहून ठेवले होते म्हणून. त्या वहीवर माझी लाल पेन्सिल फिरली असती, तर?

प्रथम सर्वांना वाटले, हा विषाणू असावा. तर्क चांगला होता. रोग साथीसारखाच पसरत होता. पाकिस्तानच्या पंजाबात अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स यांच्या तुकडीने मेलेली गिधाडे फाडून पाहिली. आतड्यांवर आणि काळजावर खडूची पूड फासावी तसा यूरिक आम्लाचा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झालेली होती. विषाणू शोधला, सापडला नाही. कीटकनाशके पाहिली, जड धातू पाहिले. हाती काही लागले नाही. ‘विषाणू’ हे उत्तर लिहून जर्नल सादर करायला त्यांनाही कोणी अडविले नसते. त्यांनी मात्र लाडका तर्क टाकून दिला आणि प्रश्न बदलला: गिधाड जे ढोर खाते, त्या ढोराला माणूस काय देतो? औषधांच्या दुकानांत चौकशी केली, तेव्हा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पुढे आले. पांढरा थर असलेल्या 25 गिधाडांच्या मूत्रपिंडांत ते औषध सापडले, 25च्या 25. दुसऱ्या कारणांनी मेलेली 13 तपासली, तर एकातही नाही. ही 13 म्हणजे त्या मुलीची खिडकीतली करवंटी. तरीही ते थांबले नाहीत. औषध दिलेल्या जनावरांचे मांस गिधाडांना घातले, आणि मेलेल्यांच्या पोटात तोच पांढरा थर पाहिला. 2004 साली हे प्रसिद्ध झाले. 2006 साली भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करीत नाही, हेही तोवर तपासून झाले होते.

आणि हिशेब तरी कसा! शंभर मेलेल्या ढोरांत एखाद्याच्या अंगात ते औषध असले, तरी एवढ्या संहाराला पुरे होते. कारण गिधाडे पंगतीने जेवतात, वर्षाला एकच अंडे घालतात, आणि पिलू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. परिसंस्था म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले कोणते पुस्तक सांगेल? ढोरे कुजत पडली, मोकाट कुत्री वाढली, त्यांच्यामागून रेबीज आला. 2000 ते 2005 या काळात गिधाडे गेल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली मांडला आहे. अंदाजच तो, त्याच्यावरही कोणी तरी शंका घ्यावी. पण निम्मा धरला तरी झोप उडते.

एका वर्गात साठ मुले, आठवड्याला मोजके तास, प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आणि त्याची काच फुटलेली, हे सारे मी जाणतो. पण करवंटी, माती, हरभरे आणि पट्टी यांना कोणते अनुदान लागते? खरे कारण पैशाचे नाही, भीतीचे आहे. मुलाने ‘कळत नाही’ असे लिहिले की मास्तरलाही ‘मलाही कळत नाही’ असे म्हणावे लागते, आणि ते आमच्या जिवावर येते. शेवट आधी ठरवून मी एक कादंबरी लिहिली होती. ती कोणी वाचली नाही, आणि योग्यच केले. नववीच्या जर्नलांत मात्र मी तसे चाळीस-चाळीस शेवट दरवर्षी लिहून घेतले.

यंदा तोच प्रयोग पुन्हा होता. एका मुलाच्या खिडकीतल्या करवंटीतले बी उगवलेच नाही, कपाटातले उगवले. त्याने तसेच लिहिले, आणि खाली, ‘पाणी जास्त झाले की उंदराने उकरले, पुन्हा लावून बघतो.’ मी गुण दिले. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या पानावर फुली मारली आणि दुरुस्त करून घ्या, असा शेरा लिहिला. मी दुरुस्त करून घेतलेले नाही. जर्नल माझ्या टेबलावर आहे, आणि मुलाने दुसऱ्यांदा लावलेली करवंटी खिडकीत आहे.