मोत्याचे पाणी

मराठी घरातील दागिन्यांची पेटी उघडली, की सोन्याच्या शेजारी मोती दिसावयाचाच. नथ, बुगडी, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी हे सारे मोत्यांचेच गोत. घराणे बडोद्यास आलेले असो, इंदूर-ग्वाल्हेरीस गेलेले असो वा हैदराबादेस स्थिरावलेले असो, ही पेटी त्याने आपल्याबरोबर नेलेली असते. सोन्याची पारख त्या मानाने सोपी. कसोटीवर कस उतरतो, तराजूत वजन होते आणि भाव वर्तमानपत्रात छापून येतो. मोत्याचे तसे नाही. म्हणूनच वाटणीच्या प्रसंगी सोने तासाभरात वाटले जाते आणि मोत्यांवरून मात्र वर्षानुवर्षे अबोला राहतो. ‘बसऱ्याचे ते थोरलीकडे गेले, खोटे ते आमच्या गळ्यात पडले,’ हे वाक्य आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. बहुधा ते बोलणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, कोणीच त्या मोत्यांची परीक्षा करविलेली नसते.

या गोंधळाचे मूळ असे, की आपण तीन निरनिराळे प्रश्न एकत्र करतो. हातातील वस्तू मोती आहे की नाही, हा पहिला प्रश्न. मोती असल्यास तो निसर्गतः झालेला की माणसाने शिंपल्याकडून करवून घेतलेला, हा दुसरा. आणि त्याचे मोल काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर बव्हंशी घरी मिळू शकते. दुसऱ्याचे घरी मिळत नाही. तिसऱ्याचे उत्तर तर पहिल्या दोहोंवाचून मिळतच नाही.

प्रथम मोती म्हणजे काय ते पाहू. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला, की त्याचा मोती होतो, ही समजूत रम्य आहे. पण घडते ते वेगळे. शिंपल्यातील प्राण्याच्या मऊ अंगात एखादा परोपजीवी जंतू शिरतो किंवा तेथे इजा होते. त्या जागेभोवती तो प्राणी आपल्या शिंपल्याच्या आतील अस्तराचेच द्रव्य थरावर थर चढवीत जातो. हे थर अतिशय पातळ असतात. प्रकाश त्यांच्या पृष्ठावरून परततो, तसाच आतल्या थरांवरूनही परततो आणि या दोहोंच्या मिश्रणातून जी खोल, शांत झळाळी उमटते, तिला आपण ‘पाणी’ म्हणतो. नकली मोत्याची चमक वरच्या लेपापुरती असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त मोत्यांना एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. मोती कोठकोठचे, हे सांगताना त्याने सिंहल आणि ताम्रपर्णीबरोबर सौराष्ट्राचेही नाव घेतले आहे, हे आमच्या गुजराथवासी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता पहिला प्रश्न. मोत्याची कड वरच्या पुढच्या दातांच्या धारेवर अगदी हलके घासून पाहावी. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरीत लागतो; काच वा प्लॅस्टिक बहुधा गुळगुळीत लागते. मात्र या कसोटीने मोती व बिनमोती एवढाच भेद कळतो. माणसाने करवलेला मोतीही तितकाच खरखरीत लागतो, हे विसरता कामा नये. दुसरी कसोटी वेजाची. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे एखादे चांगले बहिर्गोल भिंग घ्यावे आणि मोत्याचा वेज उजेडात पाहावा. नकली मण्याच्या वेजाच्या कडेला रंगाचा लेप साचलेला किंवा टवके उडालेला दिसतो व आतून काच डोकावते. खऱ्या मोत्याची कड त्या मानाने स्वच्छ असते. तिसरी कसोटी नुसत्या डोळ्यांची. सराचे सर्व मणी एका मापाचे, एका रंगाचे आणि निर्दोष गोल असतील, तर शंका घ्यावी. शिंपल्याच्या पोटी दोन मोती सहसा एकसारखे होत नाहीत. यांपैकी एकाच कसोटीवर विसंबू नये; तिन्हींचा कौल एक आला, तरच तो मानावा.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. मोती दिव्याच्या ज्योतीवर धरणे, लिंबाच्या रसात वा सिरक्यात टाकणे, तापलेली सुई लावणे, हे प्रकार आजही चालतात. मोती हा मुख्यतः चुन्याच्या जातीचा पदार्थ आहे. आम्लाने तो विरतो, उष्णतेने करपतो. अशा परीक्षेत नकली मणी उघडा पडेल कदाचित, पण अस्सल मोती मात्र खात्रीने बिघडेल.

दुसरा प्रश्न अवघड. जपानात कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्याकडून अर्धगोल मोती करवून घेतला आणि १९०७ च्या सुमारास पूर्ण गोल मोत्याची रीत तेथील संशोधकांच्या हाती आली. शिंपल्याच्या कवचाचा कोरून गोल केलेला मणी, त्याला दुसऱ्या शिंपल्याच्या ऊतीचा लहानसा तुकडा जोडून, जिवंत शिंपल्यात ठेवावयाचा. मग तो प्राणी त्यावर मोत्याचे थर चढवितो. हाच संवर्धित, किंवा आपल्या बोलीत ‘कल्चर’ मोती. तो नकली नव्हे. त्याचे पाणी शिंपल्याचेच असते; फक्त आतला गाभा माणसाने ठेवलेला असतो. आपल्या देशातही तुतिकोरीन येथे १९७३ साली हा प्रयोग यशस्वी झाला. हैदराबादेतील वाचकांना ठाऊकच असेल, की ‘हैदराबादी मोती’ हे नाव तेथील बाजाराचे आणि कारागिरीचे आहे. आज त्या दुकानांतील बहुतेक माल चीनमधील गोड्या पाण्यातील संवर्धित मोत्यांचा असतो. त्यांत बहुधा मणी नसतोच, ऊतीचा तुकडा तेवढा ठेवलेला असतो. म्हणून वेजातून पाहूनही काही कळत नाही. निसर्गज मोती आणि संवर्धित मोती यांचा निर्णय क्ष-किरणांनी अंतर्रचना पाहूनच करावा लागतो. मुंबई व जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळांत ती सोय आहे. ‘मी चाळीस वर्षे मोती पाहतो आहे’ असे म्हणून बोटांत फिरवून निर्णय देणाऱ्याचा अनुभव आदरणीय खरा, पण त्यावर घराची वाटणी करू नये.

तिसरा प्रश्न मोलाचा. येथे आपल्या जुन्या जवाहिऱ्यांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. मोत्याचा भाव ते ‘चव’ या हिशोबाने करीत आणि चव वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात चढत असे. एक रतीच्या मोत्यास एक रुपया धरला, तर त्याच पाण्याच्या व घाटाच्या दोन रतींच्या मोत्यास दोन नव्हे, चार रुपये. आठ रतींच्या मोत्यास चौसष्ट. एकेक रतीचे आठ मोती एकत्र केले, तरी त्यांचे आठच होणार. वेज बारीक पाडण्याची जुन्या कारागिरांची दक्षताही यातूनच आली, कारण वेजातून गेलेला प्रत्येक कण भाव उतरवीत असे.

या गणिताचा पडताळा आमच्या बडोद्यानेच जगाला दिला आहे. महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची एक चादर करविली. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता, असे सांगतात. १८७० साली महाराज निवर्तले आणि चादर बडोद्यासच राहिली. तीत अंदाजे १५ ते २० लक्ष बारीक मोती आहेत. २००९ साली दोहा येथे लिलावात तिला सुमारे ५५ लक्ष डॉलर आले. याच जामदारखान्यात एक सात पदरी मोत्यांचा हार होता. त्यातील अवघ्या ६८ मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कमध्ये विकला गेला, तो सुमारे ७१ लक्ष डॉलरला. लक्षावधी मोत्यांहून अडुसष्ट मोती भारी ठरले. आकार, गोलाई, पाणी, आणि एकास एक जुळणारा जोड मिळण्यास लागलेली वर्षे यांची ती किंमत आहे. तेव्हा मुंडावळ्यांतील बारीक मोती खरे निघाले, तरी त्यातून घर बांधण्याची स्वप्ने पाहू नयेत.

भाव काळाबरोबरही बदलतो. ज्याला आपण बसरा मोती म्हणतो, तो बसरा शहराचा नव्हे. इराणच्या आखातातील, विशेषतः बहरीनच्या आसपासचा. बाजाराचे नाव मालास चिकटले. हा माल मुंबईस येई आणि तेथून जगभर जाई. १९२० नंतर जपानी संवर्धित मोत्यांचा पूर आला, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि या व्यापाराचा कणा मोडला. मोती तेच, पाणी तेच. भाव मात्र कोसळला. त्या काळात आणि नंतरही अनेक घरांनी ‘जुनी, पिवळट पडलेली’ म्हणून बसऱ्याची मोती मातीमोलाने देऊन पांढरीशुभ्र नवी घेतली. आज चांगल्या निसर्गज मोत्यांचा भाव पुन्हा चढला आहे. जुन्या मोत्याची साईसारखी पिवळसर छटा हा बहुधा दोष नसून त्याचे वय असते.

आमच्या परिचयातील एका घरी वाटणीपूर्वी आजींचा दोन पदरी सर परीक्षेस पाठविण्यात आला. घरात सर्वजण तो बसऱ्याचा म्हणत. अहवाल आला: संवर्धित मोती. मुलांचे चेहरे उतरले. आजींनी मात्र एकच विचारले, “म्हणजे ह्यांना कुणी फसवलं की काय?” नवरा जाऊन वीस वर्षे झालेली. त्याने आयुष्यात एकदाच हौसेने काही आणले, त्यातही तो ठकला, हे त्या माउलीस पैशांपेक्षा अधिक लागले असते. पेटीच्या तळाशी मखमलीखाली घडी केलेली दुकानाची पावती निघाली. तीवर स्वच्छ अक्षरांत ‘जपानी कल्चर’ असे लिहिलेले होते आणि रक्कमही एका कारकुनाच्या पगारास झेपणारी होती. त्या गृहस्थास कोणी फसविले नव्हते, त्यानेही कोणास फसविले नव्हते. बसऱ्याचे हे बिरुद पुढे कधीतरी घरच्यांनीच लावले होते. आजींनी पावती वाचून घेतली, पुन्हा घडी केली आणि तो सर त्याच दिवशी गळ्यात घातला.

‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण आपण माणसांना लावतो. घरातल्या सख्ख्या नात्यांहून दागिन्याची शंका जड होऊ लागली, तर ती तेथेही लावावी. आमची वाचक भगिनींना विनंती एवढीच. वाटणी करावयाची असेल, तर आधी परीक्षा करवावी, लेखी अहवाल सर्वांसमोर वाचावा आणि मग वाटावे. मोती वापरावेत, अत्तर व केसांचे तेल लावून झाल्यावर ते शेवटी घालावेत, काढल्यावर मऊ सुती फडक्याने घाम पुसावा. वर्षानुवर्षे कोरड्या तिजोरीत कोंडून ठेवू नयेत. रेशीम जुने झाले, की पटव्याकडून पुन्हा ओवून घ्यावेत आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारावयास सांगावे, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती जाईल.

आणि पेटीत एक चिठ्ठी ठेवावी: हा दागिना कोणी, कोणत्या साली, कोठून, किती रुपयांस घेतला आणि मोती कोणत्या जातीचे. नातीला ती वाचता यावी, म्हणून शाईने, सुवाच्य अक्षरात लिहावी.