रॅम्पचा उतार कोण मोजणार?

सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात माझी नोकरीची तीस वर्षे गेली. त्या काळात कितीतरी रॅम्प माझ्या सहीने 'पूर्ण' झाले. त्यांतल्या एकावरूनही मी कधी व्हीलचेअर नेऊन पाहिली नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नीची उजवी बाजू लुळी पडली आणि तिची खुर्ची ढकलताना मला माझेच काम खालून वर बघावे लागले. तेव्हा हे पत्र म्हणजे तक्रार कमी आणि कबुली जास्त, असे समजा.

एका अर्जावर तिचा अंगठा साहेबांसमोर उमटायला हवा होता, म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. इमारत नवी कोरी. पायऱ्या पाच, सहा-सहा इंचांच्या. म्हणजे जोते अडीच फूट. शेजारी रॅम्प, स्टीलचा कठडा आणि निळी पाटी. केंद्र सरकारच्या मानकांनुसार एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. अडीच फुटांना तीस फूट झाले, शिवाय मध्ये सपाट टप्पा. इथला रॅम्प जेमतेम दहा फुटांचा. एकास चार असा चढ, त्यावर चकचकीत फरशी आणि पायथ्याशी दोन मोटारसायकली. शिपाई धावत आला, "काका, चौघं मिळून खुर्चीसकट उचलू की काकूंना!" पत्नी म्हणाली, "मी काय सिमेंटची गोणी आहे? साहेबांना म्हणावं, खाली या."

साहेब भले होते, शाईचे पॅड घेऊन खाली आले. पण तिथे दुसरे कोणी असते तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारला काय झाले ते वाचकांना आठवत असेल. विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नासाठी जिन्यावरून उचलून न्यावे लागले. नंतर उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. एका साहेबाचा चांगुलपणा आणि दुसऱ्याची दिलगिरी, या दोहोंच्या मध्ये नागरिकाचा हक्क लोंबकळत ठेवायचा का?

कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ४४ स्पष्ट आहे : सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर नकाशाला मंजुरी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही आणि इमारतीचा ताबाही नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच सरली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते नेमक्या दुखऱ्या जागी. कायदा सक्तीचा, पण त्याखालचा नियम नुसता शिफारशीचा, हे चालणार नाही म्हणून न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करायला सांगितले.

नियम सक्तीचे झाले तरी एक भोक उरतेच आणि ते आम्हा बांधकामवाल्यांना चांगले ठाऊक आहे. मोजमाप पुस्तिकेत रॅम्पचे काँक्रीट घनमीटरमध्ये लिहितात, कठडा मीटरमध्ये, फरशी चौरस मीटरमध्ये. उताराला रकानाच नाही. त्यामुळे रॅम्प एकास बारा असो की एकास चार, बिल निघतेच. उलट आखूड रॅम्पला काँक्रीट कमी लागते आणि पार्किंगची जागाही वाचते. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाचेही तेच. नकाशात ते असते, बांधूनही होते आणि महिन्याभरात त्यात झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या राहायला येतात.

"इमारत जुनी आहे, पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न मी स्वतः बैठकांत विचारला आहे. जुन्या इमारतीत लिफ्ट बसवणे खर्चाचे असते, हे खरेच. पण लोकांची रोज ये-जा असलेले टेबल वरून तळमजल्यावर आणायला किती खर्च येतो? चार हमाल आणि एक दुपार. स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखावा लागतो, पण त्याच्या आडून इमारतीचा दोष झाकू नये. तो पैसा दिव्यांगांचा आहे. चुकीचा रॅम्प दुरुस्त करायचा तर ज्याने बांधला त्याच्याच अनामत रकमेतून करावा.

माझ्या मागण्या तीनच. मोजमाप पुस्तिकेत रॅम्पची उंची, लांबी आणि उतार लिहिल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. नव्या सार्वजनिक इमारतीत व्हीलचेअरवरची एक व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती फाटकापासून खिडकीपर्यंत व तिथून स्वच्छतागृहापर्यंत स्वतः जाऊन यावी आणि त्यांची सही असल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. आणि लिफ्ट नसलेल्या कार्यालयात लोकांच्या कामाची टेबले तळमजल्यावरच असावीत.

तपासणीला माणूस मिळत नाही ही सबब असेल, तर आमच्या तालुक्यापुरती माझी पत्नी तयार आहे. खुर्ची मी ढकलीन. सही मात्र तिची असेल, आणि ती माझ्यासारखी न बघता सही करणारी नाही.

– एक निवृत्त अभियंता, जि. सातारा