पुलांच्या पोटातला गंज

२ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल स्फोटके लावून पाडण्यात आला. काही सेकंदांत काँक्रीटचा चुरा झाला. परंतु आतील लोखंडाचा सांगाडा बऱ्याच अंशी तसाच उभा राहिला. पुलात अपेक्षेपेक्षा अधिक पोलाद असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले आणि उरलेले काम यंत्रे लावून पहाटेपर्यंत उरकावे लागले. पूल चांगला बांधलेला होता, हा त्यातील दिलासा. मात्र त्याच घटनेतून एक अस्वस्थ करणारी गोष्टही पुढे आली. काँक्रीटच्या पुलाच्या पोटात किती पोलाद आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. पाडायला आलेल्या तज्ज्ञांनाही ते कळले नाही, मग त्यावरून रोज जाणाऱ्यांना कसे कळावे?

हाच महामार्ग कात्रजचा घाट मागे टाकून साताऱ्याकडे उतरतो आणि खेड शिवापूर ओलांडून नसरापूरकडे जाताना भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकला लागतो. या टापूतील गावांचा सगळा व्यवहार महामार्गाशी जोडलेला आहे. कामावर, शाळेत किंवा शेतावर जायचे, तर महामार्ग ओलांडल्याखेरीज गत्यंतर नसते. या शतकाच्या आरंभी झालेले चौपदरीकरण आणि २०१० पासून सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळलेले सहापदरीकरण यांतून पुणे-सातारा पट्ट्यात अनेक उड्डाणपूल, भुयारी मार्ग आणि ओढ्या-नद्यांवरील पूल उभे राहिले. या पुलांची चर्चा होते ती काम केव्हा पूर्ण होणार, वाहतूक कोंडी केव्हा सुटणार आणि टोल किती, एवढ्यापुरती. ते किती वर्षे टिकणार, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

वय हा निकष अपुरा

पूल कोसळला की हा प्रश्न काही दिवस ऐरणीवर येतो. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातच, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. या दोन्ही घटनांनंतर जुन्या पुलांच्या संरचनात्मक तपासणीचे आदेश निघाले आणि ते योग्यच होते. मात्र त्यातून 'जुना पूल म्हणजे धोकादायक आणि नवा काँक्रीटचा पूल म्हणजे सुरक्षित' असा समज लोकांच्या आणि काही प्रमाणात प्रशासनाच्याही मनात घट्ट होत गेला. कुंडमळ्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच ९ जुलै २०२५ रोजी गुजरातमध्ये महिसागर नदीवरील गंभीरा पुलाचा एक गाळा खाली आला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तो पूल १९८५ मध्ये खुला झालेला, म्हणजे जेमतेम चाळीस वर्षांचा होता.

कुंडमळ्याच्या पुलाचा गंज सर्वांना दिसत होता. पूल धोकादायक असल्याचा फलकही तेथे होता. तेथे उणीव होती ती दिसणाऱ्या धोक्यावर कृती करण्याची. काँक्रीटच्या आधुनिक पुलांबाबत अडचण त्याहून अवघड आहे. तेथे धोका मुळात दिसतच नाही.

ताणलेल्या पोलादाचे शास्त्र

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच थोडा. साध्या प्रबलित काँक्रीटमध्ये ताणाच्या बाजूला सळया घालून ही उणीव भरून काढली जाते. पण पुलाचा गाळा वीस-पंचवीस मीटरच्या पुढे गेला, की तुळई अवाढव्य होऊ लागते. त्यावर उपाय म्हणून पूर्वताणित, म्हणजे 'प्रीस्ट्रेस्ड' काँक्रीट पुढे आले. यात उच्च ताकदीच्या पोलादी तारांच्या केबली जॅकने ताणून तुळईच्या दोन्ही टोकांना जखडतात. ताणलेली केबल आखडू पाहते आणि काँक्रीटला कायमची आवळून धरते. वाहनाच्या वजनाने निर्माण होणारा ताण आधी या आवळणीला खोडून काढण्यातच खर्ची पडतो, म्हणून तुळईला भेग पडत नाही. रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर आणि विजेचे सिमेंटचे खांब याच तत्त्वावर तयार होतात.

ही कल्पना कागदावर जितकी सोपी, तितकी प्रत्यक्षात नव्हती. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने याने १९११ च्या सुमारास ल वेर्द्र येथे बांधलेल्या पुलाच्या कमानी काही महिन्यांतच खाली बसू लागल्या. सततच्या दाबाखाली काँक्रीट वर्षानुवर्षे किंचित किंचित आक्रसत जाते, हे त्याने त्यातून ओळखले. साधी सळई सुरक्षित मर्यादेत ताणली, तर ती हजारात एक भागापेक्षाही कमी लांबते. काँक्रीटचे आक्रसणेही जवळपास तेवढेच. म्हणजे काही काळाने सारा ताण नाहीसा होणार. सात-आठ पट अधिक लांबू शकणारे पोलाद वापरले, तरच आक्रसण्याची वजावट होऊनही पुरेसा ताण उरतो. या जाणिवेतून फ्रेसिनेने १९२८ मध्ये पेटंट घेतले. आजही आराखडा करताना सुरुवातीच्या ताणापैकी साधारण पंधरा ते पंचवीस टक्के ताण काळाच्या ओघात कमी होणार, हे गृहीत धरावे लागते.

आज पुलांत सर्रास वापरला जाणारा सात तारांचा पेड पंधरा मिलिमीटर जाडीचा असतो आणि तुटण्यापूर्वी सुमारे सव्वीस टन भार घेतो. असे एकोणीस पेड एकत्र करून केलेली एकच केबल साडेतीनशे टनांहून अधिक बळाने ताणली जाते. या ताकदीतच तिची दुर्बलताही आहे. पेडातील एकेक तार जेमतेम पाच मिलिमीटरची असते. पंचवीस मिलिमीटरच्या साध्या सळईला चहूबाजूंनी एक मिलिमीटर गंज चढला, तर तिचा सुमारे पंधरा टक्के छेद कमी होतो. पाच मिलिमीटरच्या तारेला तेवढाच गंज चढला, तर चौसष्ट टक्के. शिवाय ही तार आधीच प्रचंड ताणाखाली असते. तिच्यावर पडलेला एखादा सूक्ष्म खड्डाही तिला अवचित तोडू शकतो.

गोवा आणि ठाणे खाडीचा धडा

निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यातील पोलादावर संरक्षक थर तयार होतो. हवेतील कर्बवायूने ही अल्कता घटली किंवा क्षार आत शिरले, की तो थर मोडतो. साधी सळई गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट वाढते, काँक्रीटचे पोपडे निघतात आणि तांबडे डाग दिसू लागतात. एका अर्थी तो पूल ओरडून सांगत असतो. केबल मात्र आवरणनळीत असते. ती ताणून झाल्यावर नळीत सिमेंटचे पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, दाबाने भरले जाते. ते नीट भरले, तर पोलाद सुरक्षित राहते. पोकळी राहिली आणि तिच्यात पाणी उतरले, तर तारा आतल्या आत तुटत जातात आणि बाहेर साधी भेगही उमटत नाही.

मराठी मुलखाला हा धडा चार दशकांपूर्वीच मिळालेला आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पणजी येथे मांडवी नदीवर खुला झालेला पूर्वताणित काँक्रीटचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. केबलींना लागलेला गंज हे त्यामागील प्रमुख कारण होते. पंधरा वर्षांच्या आसपास वय असलेला पूल गेला आणि नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत गोव्याच्या राजधानीचे दळणवळण विस्कळीत राहिले. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या झुआरी पुलावरही पुढे अवजड वाहनांना निर्बंध घालावे लागले.

मुंबई आणि वाशी यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील पहिल्या पुलाची कहाणीही अशीच आहे. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाच्या केबलींत गंज आढळला. तुळयांच्या बाहेरून नव्या केबली ताणून त्याला आधार द्यावा लागला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभारावा लागला. पहिला पूल वाचला, कारण दोष वेळीच लक्षात आला. मांडवीला ती सवड मिळाली नाही.

हा दोष केवळ भारतीय कंत्राटदारीचा आहे असे समजण्याचेही कारण नाही. १९५३ मध्ये बांधलेला वेल्समधील यनिस-इ-ग्वास पूल ४ डिसेंबर १९८५ रोजी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय पडला. ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या केबलींच्या नव्या पुलांना मनाई केली आणि कामाचे कडक निकष ठरवल्यावर १९९६ मध्ये ती उठवली. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा कारोला पूल ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे असाच कोसळला. तारांना बांधकामाच्या काळातच ओलाव्याने इजा झाली होती; ती सुमारे पन्नास वर्षांनी उघड झाली.

घाटाच्या पायथ्याचा प्रश्न

भोर परिसरात समुद्राचे क्षार नाहीत, हे खरे. म्हणून मांडवीची गत येथील पुलांची होईल, असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मात्र येथे पावसाची कमतरता नाही. पुलावरचे पाणी खाली नेणारे नळ मातीने आणि प्लास्टिकने तुंबले, दोन गाळ्यांमधील एक्स्पान्शन जॉइंटचे रबर फाटले, की पाणी नेमके तुळईच्या टोकाशी झिरपते. केबली जखडलेल्या असतात त्या तेथेच. भुयारी मार्गातून जाताना पावसाळा संपल्यावरही कुठे पाणी ठिबकताना दिसले, तर ती केवळ गैरसोय नसते. ते दुरुस्तीसाठीचे निमंत्रण असते आणि ते नाकारले, तर पुढे त्याची किंमत कैकपट होते.

दुसरा प्रश्न भाराचा आहे. मुंबई-बंगळूर मार्गावरील मालवाहतुकीचा मोठा ओघ याच रस्त्याने जातो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींची अनुज्ञेय भारमर्यादा वाढवली. तीन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेले. पुलांचे आराखडे याहून मोठ्या भारासाठी केलेले असतात, त्यामुळे एका मालमोटारीने पूल मोडत नाही. शिवाय पूर्वताण शाबूत असेपर्यंत तुळईत भेग पडत नाही आणि केबलीला वाहनांची ये-जा फारशी जाणवतही नाही. पूर्वताण घटला आणि भेग उघडमीट करू लागली, की मात्र प्रत्येक मालमोटारीचा हिसका थेट तारांना बसतो. तेव्हा गंज आणि शीण एकमेकांना साथ देऊ लागतात.

तपासणीची साधने नाहीत असे नाही. सूक्ष्म कॅमेरा नळीत सोडून ग्राउट पाहता येते, भार ठेवून तुळईचे झुकणे मोजता येते, तार तुटल्याचा आवाज टिपणारे संवेदक बसवता येतात. परंतु यांतील बहुतेक साधने तुलना मागतात. पूल नवा असताना तो किती झुकत होता याची नोंदच नसेल, तर आजचे मोजमाप काय सांगणार? कोणती केबल किती ताणली, कोणत्या दिवशी ग्राउट भरले, किती पोती सिमेंट लागले, याच्या नोंदी काम चालू असताना ठेवल्या जातात. वीस वर्षांनी त्या कुणाच्या कपाटात असतात, हा कळीचा मुद्दा आहे. रस्ता बांधणारा, टोल वसूल करणारा आणि मुदत संपल्यावर ताबा घेणारा वेगवेगळा असेल, तर हस्तांतरात डांबराची जाडी मोजली जाते. पुलाची कागदपत्रेही तितक्याच काटेकोरपणे मागितली जायला हवीत.

महाडच्या दुर्घटनेच्या वर्षीच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. देशभरातील दीड लाखांहून अधिक पूल-मोऱ्यांची यादी एका ठिकाणी येणे ही मोठीच गोष्ट होती. आता त्या यादीत आणखी एक रकाना वाढायला हवा. पूर्वताणित पूल वेगळे काढून, त्यांच्या केबलींची अवस्था प्रत्यक्ष उघडून केव्हा तपासली, हे त्यात नोंदले जावे आणि ते लोकांना पाहता यावे. निरीक्षणाचा भर पुलाच्या वयावर न ठेवता पाणी कोठे झिरपते आणि ग्राउट कसे भरले गेले, यांवर असावा.

हे सारे खर्चिक आहे, अशी सबब पुढे केली जाईल. जॉइंटचे रबर बदलणे आणि तुंबलेले नळ मोकळे करणे यांचा खर्च पुलाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. बाहेरून केबली ताणण्याचा मोठा. आणि शेजारी दुसरा पूल बांधण्याचा त्याहून कितीतरी मोठा. ठाणे खाडीवर हे तिन्ही टप्पे महाराष्ट्राने अनुभवले आहेत. वरवे बुद्रुकसारख्या गावांजवळून जाणारे पूल अजून तरुण आहेत. पहिल्या टप्प्यावरच त्यांची काळजी घेतली, तर पुढचे दोन टाळता येतात. पुलाखालून शाळेला निघालेल्या मुलांना त्याच्या पोटात काय चालले आहे हे कधीच दिसणार नाही. ते पाहण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले आहे, त्यांनी ते वेळेवर पाहिले आणि लिहून ठेवले, एवढीच त्या मुलांची सुरक्षितता आहे.