वृद्धांची दाद

घरातील गोष्ट उंबरठ्याबाहेर नेऊ नये, अशी आमच्या रोह्याकडील जुनी रीत आहे. परंतु जेथे वृद्ध आईस मार व उपास सोसावा लागतो, तेथे ही रीत अन्यायाचे पांघरूण होते. मारहाणीविरुद्ध स्त्रीस सन २००५ च्या कायद्याचा आधार आहे. सन २००७ च्या कायद्यान्वये आईबापांस उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहाकरिता अर्ज करता येतो. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा, असा त्यात नियम आहे. तरी दाद मागितली जात नाही. कारण मुलाची अब्रू जाईल हे भय, आणि अर्ज लिहिता येत नाही ही अडचण. आमचे मत असे की, अब्रू जाते ती मारल्याने, दाद मागितल्याने नव्हे. हे वडीलधाऱ्यांनी उघड बोलावे. आणि विद्यार्थीमित्रहो, आजीची संमती असेल तर तिचा अर्ज तुम्ही लिहावा.