आजीला तिची पायरी दाखवू नका



"पायरी ओळखून राहा." ही धमकी आपल्या पणज्यांनी आयुष्यभर ऐकली. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी या समाजाला शिडी नसलेला मनोरा म्हटलं. तो मनोरा आपण नाकारला. पण सफाळ्याच्या आमच्या वस्तीत आज आजीला अडवणारी पायरी तिच्याच घरकुलाची आहे.

आमच्याकडे पाऊस धो धो, म्हणून जोतं दीड फूट उंच. मधुमेहात पाय गेलेल्या आमच्या शेजारच्या आजीला शिबिरात व्हीलचेअर मिळाली. फोटो निघाले, हार पडले. ती खुर्ची आज पडवीत घडी घालून पडली आहे. संडास घरामागे, दार जेमतेम दोन फुटांचं, आत बसकं भांडं. सकाळी मुलगा उचलून नेतो आणि बोईसरला कंपनीत जातो. तो परतेपर्यंत आजी पाणीच पीत नाही.

"घरचे सांभाळतात की!" असं म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, तहान मारून जगणं म्हणजे सांभाळणं का?

एक इंच चढाला एक फूट उतार लागतो. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. २५ चौरस मीटरच्या घरकुलाच्या नकाशात ती जागा कोणी धरली? सरकार घर देतं, संडास देतं, खुर्चीही देतं. या तिन्हींना जोडणारा उतार मात्र कोणाच्याच खात्यात बसत नाही. वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात वॉकर येईल, कमोड खुर्ची येईल. दार रुंद होणार नाही.

ही भीक नाही. संविधानाचं कलम ४१ म्हातारपण आणि अपंगत्वात सरकारी मदतीबद्दल बोलतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३७ घरवाटपात ५ टक्के आरक्षण देतं. कलम २४ सांगतं की, स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून असलेल्या योजनांत दिव्यांगांची मदत इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. केंद्राच्या योजनेत घरकुलाचं मूळ अनुदान १,२०,००० रुपये. त्याचे २५ टक्के म्हणजे ३०,००० रुपये. त्यात उतार, रुंद दार, कमोड आणि भिंतीला धरायचे दांडे यांची सोय लागू शकते. इंग्लंडमध्ये अशा कामांसाठी ३०,००० पौंडांपर्यंतचं अनुदान कायद्याने मिळतं. आमच्या आजीने ३०,००० रुपये मागितले की तिजोरी रिकामी कशी होते?

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी मार्चअखेर चार-पाचशे रुपयांत वाटून मोकळं होण्यासाठी नाही. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा:

१. दिव्यांग आणि अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरांची घरोघर पाहणी.
२. ५ टक्के निधीतून आधी उतार आणि संडास.
३. रमाई, शबरी आणि पंतप्रधान आवास या तिन्ही योजनांत २५ टक्के वाढीव मदतीची शासनाकडे मागणी.

ठराव तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

आणि थोडं आपल्याकडेही बघू. आपल्या किती विहारांना उतार आहे? जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, विहाराच्या दोन पायऱ्यांपुढच्या सिमेंटला का जमत नाही? ज्या आजीने आपल्याला भीमगीतं शिकवली, ती १४ एप्रिलला विहाराबाहेर बसणार असेल, तर कोणाला जाब विचारायला आपण तोंड उघडायचं?

रमाईच्या नावाच्या घरात कोणतीही आजी कोंडलेली राहता कामा नये. कामाला लागू या.

जय भीम!