माझं मत हार्दिकला

धनराज पिल्लेच्या काळात हा वादच नव्हता. खडकीचा तो पोरगा चेंडू घेऊन सुटला की विषय संपायचा. दुसरं नाव घेणारा एकतर हॉकी बघत नसे किंवा मुद्दाम खोडी काढत असे. धनराज चार ऑलिंपिक खेळला, चार वर्ल्ड कप खेळला आणि ऑलिंपिकचं पदक मात्र एकही नाही. आता नेमकं उलटं झालंय. टोकियोत ब्राँझ, पॅरिसमध्ये पुन्हा ब्राँझ, आणि या संघातला सर्वोत्तम कोण यावर हॉकीवाल्यांचं एकमत होत नाही.

आमच्या अण्णांचं होतं, म्हणजे स्वतःशीच. तरुणपणी ते लेफ्ट हाफ खेळलेत, त्यामुळे अजूनही कुणाशीही बोलताना डावीकडून घुसतात. ‘श्रीजेश. पुढं बोल,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि म्हणणं कच्चं नाही. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी, सहा सेकंद शिल्लक आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. तो गोलकीपर श्रीजेशने अडवला आणि एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ दहा जणांनी ग्रेट ब्रिटनला १-१ वर थोपवून धरलं आणि शूटआउट ४-२ असं जिंकलं. त्या दिवशी गोलमध्ये दुसरा कोणी असता तर? अण्णांचा हा प्रश्न ऐकून मीही गप्प बसतो.

तरी माझा एक आडमुठा आक्षेप आहे. गोलकीपर त्याच संघातला असला तरी वेगळाच खेळ खेळतो. त्याला पाय चालतो, छाती चालते, आडवं पडणं चालतं. बाकी दहा जणांच्या पायाला चेंडू लागला की शिट्टी. त्याला याच तागडीत घालायचं म्हणजे यष्टिरक्षकाची तुलना गोलंदाजाशी करण्यासारखं आहे. हॉकी इंडियाने त्याची १६ नंबरची जर्सी निवृत्त केली, योग्यच केलं. त्याला वेगळ्या देव्हाऱ्यात बसवावं आणि वाद पुढे न्यावा.

पुढे म्हणजे हरमनप्रीतकडे. इथे आकडे तोंडावर येऊन आदळतात. पॅरिसमध्ये भारताचे गोल झाले पंधरा, त्यातले दहा त्याचे. स्पेनविरुद्ध ब्राँझच्या सामन्यात दोन गोल, दोन्ही त्याचेच. जागतिक महासंघाने तीनदा त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलंय. पेनल्टी कॉर्नरवर पहिलाच फटका स्टिकने हाणला तर चेंडू गोलच्या फळीपेक्षा वर जाऊन चालत नाही. ड्रॅगफ्लिकला ती अट नाही. चेंडू स्टिकवर चिकटवून ओढत न्यायचा आणि शेवटच्या क्षणी मनगट ठरवेल त्या कोपऱ्यात फेकायचा. हरमनप्रीतचं मनगट काय ठरवतंय हे समोरच्या कीपरला बहुतेक वेळा जाळी हलल्यावरच कळतं. शिवाय तो मुळात बचावपटू आहे, मागून त्याचे लांब उंच पासही असतात, हे लोक विसरतात.

मग अडतं कुठे? कॉर्नर मिळाल्याशिवाय त्याचं हे दुकान उघडत नाही, आणि कॉर्नर कुणीतरी कमवावा लागतो. त्याचा हात बसला नाही की काय होतं ते २०२३च्या घरच्या वर्ल्ड कपमध्ये दिसलं. कॉर्नर मिळत गेले, वाया जात राहिले.

मनप्रीतबद्दल थोडक्यात: टोकियोचा कप्तान, पॅरिसमध्ये गरज पडली तेव्हा मुकाट्याने मागे येऊन बचाव खेळला. अशा माणसावर वाद होत नाहीत, फक्त आदर होतो. हेही एक दुर्दैवच.

रोहिदासवर मात्र वाद व्हायला हवा. समोरच्यांचा पेनल्टी कॉर्नर असला की बचावाला कीपर धरून फक्त पाच जण. त्यातला पहिला रशर म्हणजे मुखवटा घालून थेट ड्रॅगफ्लिकच्या तोंडावर धावत जाणारा. चेंडू गुडघ्याला बसला तरी तो त्याचा विजयच. श्रीजेशपर्यंत जे फटके पोचलेच नाहीत, त्यांतले कितीतरी या सुंदरगडच्या गड्याच्या अंगावर आहेत. लाल कार्डामुळे तो उपांत्य सामन्यात नव्हता. अठराव्या मिनिटाला जर्मनीच्या पेइयाने कॉर्नरवर बरोबरी साधली. सामना गेला २-३.

आणि माझं मत? हार्दिक सिंग. जालंधरजवळच्या खुसरोपूरचा. नात्याने काका लागणारा जुगराज सिंग नावाजलेला ड्रॅगफ्लिकर, पण या पोराने निवडली मधली जागा, जिथे फारसं काही मोजलं जात नाही.

टोकियोचा उपांत्यपूर्व सामना आठवा. भारत २-१, तीनेक मिनिटं शिल्लक, ब्रिटन जिवावर उदार होऊन चढलेलं. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो. हार्दिकने मधेच चेंडू हिसकावला आणि सरळ धावत सुटला. सर्कलमध्ये घुसून मारलेला पहिला फटका कीपरने अडवला. चेंडू परत त्याच्याच पुढ्यात आला आणि दुसरा असा हाणला की अडवायला कुणी उरलंच नाही. मला त्या गोलपेक्षा ती धाव आवडते: शरीर एकीकडे, स्टिक दुसरीकडे, आणि समोरचा दर वेळी अर्ध्या पावलाने उशिरा.

२०२३च्या वर्ल्ड कपात राउरकेलाला स्पेनविरुद्ध त्याने डावीकडून गोलरेषेच्या कडेकडेने आत शिरून असाच एक गोल उकरून काढला. पुढच्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावला आणि त्याची स्पर्धा संपली. त्यानंतरचा भारत आठवतो? चेंडू मागे आहे, पुढे आहे, मधून न्यायला कुणी नाही. न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो आणि घरच्या मैदानावर नववा नंबर घेऊन बसलो. शूटआउटमधली हार एका माणसाच्या गैरहजेरीवर ढकलणं जरा जास्तच, हे मान्य. पण सामना शूटआउटपर्यंत जायलाच नको होता.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जून २०२५ काढला. प्रो लीगचा युरोप दौरा, हरमनप्रीत बोट दुखावून काही सामने बाहेर, तेव्हा कप्तान तुझा हार्दिक, आणि ओळीने सात पराभव. ‘मधली जागा भरलेली होती ना रे?’

मी म्हटलं, त्या सातातले सहा सामने एकेका गोलाने गेलेत अण्णा. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांशी आपण शेवटपर्यंत बरोबरीने खेळत होतो. मधली फळी कोलमडली असती तर असे आकडे लागले असते का? आणि त्यानंतर सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया कप घेतलाच की.

‘आशिया कपाचं सोड,’ अण्णा म्हणाले. ‘सहा सामने, एकेक गोल. गोलमध्ये कोण नव्हता तेवढं सांग.’